वेस्टगेट बसवलं, पॅकिंग जळलं

बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात भरतो त्या हवेच्या दाबाचा, काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबत नव्हता, इथून सगळं सुरू झालं. दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर मागाहून चढवलेला टर्बो, टर्बोच्या पोटातच बसवलेलं वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा वायू वळवणारी झडप, आणि त्याला ०.५ बारची स्प्रिंग. तीन हजार आरपीएमला काटा ०.५५ वर नीट उभा राहायचा. पाय तसाच दाबून ठेवला की चार हजारांना ०.७, पाच हजारांना ०.८५, आणि सहा हजारांच्या आसपास एक बार ओलांडला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोल तोडून टाकायचा. तो झटका असा बसतो की मागून कुणीतरी गाडी धरून ओढली असं वाटतं.

आधी मी झडप उघडणाऱ्या ॲक्चुएटरवर संशय घेतला. त्याचा दांडा सैल केला, होज बदलली, शेवटी दांडा काढून झडप तारेने पूर्ण उघडी बांधली आणि गाडी चालवली. तरी बूस्ट चढतच होता. तेव्हा कळलं, झडप उघडत नाही असं काही नव्हतं. ती पूर्ण उघडी असूनही अपुरी पडत होती. वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला, टर्बोच्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाला, वळसा घालून जाणारी वाट. एक्झॉस्टमधला जास्तीचा वायू त्या वाटेने गेला तरच टर्बाइनचा वेग आवाक्यात राहतो. आरपीएम वाढले की वायू वाढतो, आणि वाट अरुंद असेल तर उरलेला वायू टर्बाइनवरच जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. गिअर बदलल्यावर क्षणभर काटा उडून परत खाली येतो तो स्पाइक, त्याची कारणं वेगळी. दोन्हींवर एकच उपाय करत बसणारे बरेच जण मी पाहिले आहेत, म्हणून हे आधी सांगतो.

टर्बोच्या गाड्यांनी हे दुखणं सुरुवातीपासून सोसलंय. १९६२ मध्ये ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोलेट कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या आल्या. जेटफायरला वेस्टगेट होतं. कॉर्व्हेअरला नव्हतं, तिचा बूस्ट सायलेन्सरच्या अडथळ्यावरच आवरला जायचा. मग साबने ९९ टर्बोत लहान टर्बो आणि वेस्टगेट अशी जोडी बसवली, म्हणजे बूस्ट लवकर येईल आणि वर गेल्यावर आवरताही येईल. लहान टर्बो रोजच्या गाडीत चालवायचा तर वायूला बाहेरची वाट मोकळी मिळायलाच हवी, ते तेव्हापासून ठरलेलं आहे.

मी बाहेरचं, स्वतंत्र वेस्टगेट लावायचं ठरवलं. ३८ मिलिमीटरचं घ्यावं की ४४ चं, यावर बरेच दिवस गेले. मला बूस्ट कमीच हवा होता, म्हणून लहान गेट पुरेल असं मनाने धरलं होतं. गणित बरोबर उलटं आहे. बूस्ट कमी ठेवायचा म्हणजे जास्त वायू वळवायचा, म्हणजे गेट मोठं लागतं. जास्त बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात बराच वायू टर्बाइनवरच खर्ची पडतो, तिथे लहान गेट भागून जातं. हे डोक्यात बसल्यावर ४४ चं, व्ही-बँड क्लॅम्पचं (दोन कडा भोवतीने आवळणाऱ्या पट्ट्याचं) गेट घेतलं.

पहिलं गेट मी परत पाठवलं. दिसायला देखणं होतं, रंगही चकचकीत. खोक्यातून काढल्यावर गाडीला लावायच्या आधी मी त्याच्या बाजूच्या पोर्टला हातपंप जोडला, मध्ये प्रेशर गेज. पंप मारला, काटा ०.४ वर गेला आणि हात थांबताच हळूहळू खाली सरकू लागला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. वरची टोपी उघडली तर आतल्या रबरी पडद्याची कड एका बाजूला दुमडून चिमटली होती आणि तिथे बारीक चीर पडली होती. व्हॉल्व्हचा दांडा बोटाने हलवला तर गाइडमध्ये खडखडत होता. असं गेट गाडीवर चढलं असतं तर पडदा फाटल्यावर झडप उघडायला हवेचा जोरच उरला नसता, आणि मग बूस्टला लगाम नाही. एक हातपंप आणि पाच मिनिटं, एवढ्यावर इंजिन वाचलं.

दुसरं गेट घेतलं तेव्हा त्याची नीट परीक्षा घेतली. झडपेच्या तोंडाला डायल गेज टेकवला आणि थेंबाथेंबाने हवा सोडली. ०.५ ची स्प्रिंग ०.४६ ला हलायला लागली, सीट सोडून सरळ वर उठली, हवा काढल्यावर काटा शून्यावर परत आला. गेट उलटं धरून सीटवर पेट्रोल ओतलं, अर्ध्या तासात एक थेंब झिरपला नाही. टेबलावरच्या चाचणीत एक गोष्ट राहते, ती ध्यानात ठेवावी लागते. गाडीवर झडपेच्या तोंडाशी एक्झॉस्टचाही दाब असतो आणि तोही तिला उघडायलाच मदत करतो. त्यामुळे प्रत्यक्षात झडप टेबलावरच्यापेक्षा जरा आधी उघडते.

मग पॅकिंगची, म्हणजे जोडातून गळू नये म्हणून मध्ये घालायच्या थरांची, जमवाजमव. हे काम मी फार हलक्यात घेतलं होतं. वेस्टगेट व्ही-बँडचं, तिथे रिंग आणि लोखंडाला लोखंड, पॅकिंग लागत नाही. पण गेट बसवायचं म्हणजे मॅनिफोल्ड, सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोला नेणारा पाइपांचा जोड, उतरवायचा, मॅनिफोल्ड उतरला की टर्बो उतरणार, टर्बो उतरला की ऑइलच्या आणि पाण्याच्या लाइन सुटणार. म्हणजे हेड ते मॅनिफोल्डचं पॅकिंग, मॅनिफोल्ड ते टर्बोचं, टर्बो ते डाउनपाइपचं (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपाचं), ऑइल परतीच्या नळीचं, आणि बँजो बोल्टचे, म्हणजे लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे, सगळे तांब्याचे वॉशर. एक वॉशर विसरला तरी सगळं थांबतं.

टर्बोच्या फ्लँजचं, म्हणजे बोल्ट लावायच्या सपाट तोंडाचं, पॅकिंग मी मापाच्या नावावर मागवलं. ‘टी३, चार बोल्ट’, एवढंच. आलं ते चार बोल्टांना तंतोतंत बसलं. उजेडासमोर धरलं तेव्हा दिसलं, मधली खिडकी माझ्या फ्लँजच्या भोकापेक्षा आतल्या बाजूला दोन-अडीच मिलिमीटर लहान. म्हणजे वायूच्या वाटेत चारही बाजूंनी पत्र्याची कड आली असती. तीच कड तापून लाल होते, वाकते, आणि तुकडा सुटला तर सरळ टर्बाइनच्या पात्यांत जातो. तेव्हापासून मी नावावर पॅकिंग घेत नाही. फ्लँजवर कागद ठेवून बोटाने काजळी घासायची, भोकांचा ठसा उमटतो, तो कागद व्हर्निअरने मोजायचा आणि ती मापं पाठवायची. जुनं पॅकिंग मापाला घेऊ नये, ते दाबलं आणि जळलेलं असतं.

धातू कोणता हा पुढचा प्रश्न. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी वायू ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. ग्राफाइटचं पॅकिंग खडबडीत पृष्ठभागाला छान जुळवून घेतं, पण हवा लागली की इतक्या उष्णतेत कडेकडेने जळत जातं. तांबं मऊ असतं, पण तिथे त्याच्यावर पापुद्रे धरतात. म्हणून गरम बाजूला सगळीकडे स्टेनलेस पत्र्याचं, दोन-तीन थरांचं, उठावदार कडा असलेलं पॅकिंग घेतलं. त्याची अट एकच, समोरासमोरचे दोन्ही चेहरे सपाट हवेत. या अटीकडे मी त्या वेळी लक्ष दिलं नाही. तांब्याचे वॉशर मात्र पक्के कामाचे. दाबून दाबून ते कडक होतात, पण मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवले की पुन्हा मऊ. तरी ऑइलच्या लाइनला मी नवेच घातले. आणि ऑइलच्या जोडावर सिलिकॉन अजिबात लावलं नाही. आत सुटलेला त्याचा एक तंतू टर्बोच्या बेअरिंगची बारीक वाट बुजवायला पुरतो.

आता वेल्डिंग. गेटचा पाइप मॅनिफोल्डवर कुठून काढायचा, यासाठी दोन जागा होत्या. एक चौथ्या सिलिंडरच्या पाइपवर, काटकोनात. तिथे जागा मोकळी, हात सहज जातो, होज गरम पाइपापासून लांब राहते. दुसरी चारही पाइप एकत्र येतात त्या तोंडाशी, टर्बोच्या फ्लँजला लागून, तिरकी. तिथे पाना फिरवायलाही अडचण. मी पहिली निवडली. टिग वेल्डिंगचं काम करणाऱ्या काकांकडे मॅनिफोल्ड घेऊन गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “फ्लँज कशाला तरी बांधून आण. मोकळा वेल्ड केला तर ओढ घेईल.”

“काका, बारा मिलिमीटरचा आहे, त्याला काय होतंय?” मी म्हणालो.

“बाराचा असू दे नाहीतर वीसचा. वेल्ड गार होताना ओढतंच. तू म्हणतोस तर करतो.”

त्यांनी केलं, सुरेख केलं. गेट मी काढून ठेवलं होतं, फक्त त्याची रिंग वेल्ड केली. गेट जागेवर असताना वेल्ड केलं तर सीट वाकते आणि पडदा भाजतो. टर्बोच्या आतली जुनी झडपही टाके मारून बंद करून घेतली. ती जराशी जरी उघडी राहिली तरी खालच्या आरपीएमला टर्बो फिरायला उशीर लावतो.

गाडी जोडली, सुरू केली, आणि थंड इंजिनात टिकटिक ऐकू आली. टॅपेटसारखी, पण जरा कोरडी. दहा मिनिटांनी इंजिन तापलं आणि आवाज गेला. मला वाटलं, पॅकिंग बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिकटिक. आयडलला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ दाखवायला लागला आणि ईसीयू पेट्रोल वाढवत सुटला. एक्झॉस्ट फुटलेला असला की दोन धडक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला तीच जास्तीची हवा दिसते. मिश्रण खरं पातळ नसतंच. मी नट आणखी आवळले. टिकटिक कमी झाली. चार दिवसांनी परत आली, मी पुन्हा आवळले, आणि कोपऱ्यातला आठ मिलिमीटरचा स्टड, ज्यावर नट बसतो ती हेडमधली आटेदार दांडी, हातात आला. हेडच्या पृष्ठभागाला अगदी लागून तुटला होता.

तो काढण्यात एक अख्खा दिवस गेला. तुटलेल्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्ड केलं, त्या उष्णतेने आटे सैल होतात. पहिला नट पाना लावताच निघून आला, दुसराही. तिसऱ्या वेळी लाल असतानाच पाना धरला, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये मध्ये तेल, असं करत करत तो कुरकुरत बाहेर आला. ॲल्युमिनियमचे आटे शाबूत होते. हातातला पाना खाली ठेवल्यावर बोटं उघडेनात इतकी आखडली होती.

मॅनिफोल्ड खाली घेतल्यावर पॅकिंग पाहिलं. दोन मधल्या सिलिंडरांपाशी उठावाच्या कडा पूर्ण दाबलेल्या, स्वच्छ चंदेरी. दोन्ही टोकांना मात्र कडा जशाच्या तशा उभ्या, आणि त्यावरून बाहेर पसरलेली काजळी, पंख्यासारखी. चौथ्या सिलिंडरच्या कोपऱ्यात पत्र्याचा वरचा थर जळून पातळ झाला होता. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवली आणि खालून फिलर गेजच्या मोजक्या जाडीच्या पाती सरकवत गेलो. ०.१० ची पात गेली, ०.२० ची गेली, ०.३५ चीही घासत का होईना पण गेली. वेल्डने ओढलं होतं, आणि नेमकं चौथ्या सिलिंडरच्या बाजूलाच सगळ्यात जास्त. मी नट आवळत होतो तेव्हा बारा मिलिमीटरच्या पोलादाला स्टडच्या जोरावर सरळ करू पाहत होतो. ते काम स्टडचं नव्हे. सांधा बसतो तो चेहरे एकमेकांना भिडल्यावर, नटाने त्याला फक्त धरून ठेवायचं असतं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट पदरात पडली होती. टिकटिक करत का होईना, गाडी चालवून बूस्ट पाहिला होता, आणि क्रीप गेला नव्हता. कमी झाला होता, सहा हजारांना ०.८ पर्यंत, पण होताच. ४४ चं गेट, तेही पूर्ण उघडं. कारण ती काटकोनातली जागा. वेगात धावणारा वायू वाट मोकळी आहे म्हणून झटकन वळत नाही, जिकडे तोंड असेल तिकडेच जातो. शिवाय एका सिलिंडरच्या पाइपवर बसलेल्या गेटला बाकीच्या तिघांचा वायू उलटा येऊन मिळायला हवा होता. जागा मी माझ्या पान्याच्या सोयीने निवडली होती, वायूच्या सोयीने नव्हे.

म्हणून मॅनिफोल्ड पुन्हा काकांकडे. या वेळी वीस मिलिमीटरची प्लेट घेऊन गेलो, तिच्यावर हेडची सगळी भोकं पाडलेली. मॅनिफोल्ड तिच्यावर सगळ्या बोल्टांनी आवळला. काकांनी प्लेटकडे पाहिलं आणि काही न बोलता मशीन सुरू केली. जुनं भोक बुजवलं. नवा पाइप चारही पाइपांच्या मिलनाशी, वायूच्या दिशेने साधारण चाळीस अंशांत झुकलेला, अशा बेताने की गेटकडे जाणारा वायू जवळजवळ सरळच जातो आणि टर्बाइनकडे जाणाऱ्यालाच जरा वळावं लागतं. वेल्ड थोडं थोडं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मॅनिफोल्ड पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, प्लेटवरून सोडला नाही. मग मिलिंग मशीनवर फ्लँजचा चेहरा काढून घेतला. ०.४ मिलिमीटर गेलं आणि ०.०५ ची पातही कुठे शिरेना. टोकाकडची भोकं एक मिलिमीटर लांबट केली, मधली होती तशीच ठेवली. गरम फ्लँज हेडपेक्षा जास्त लांब होतो, त्याला टोकाकडे सरकायला जागा लागते. ती नसेल तर तो स्टडना वाकवतो.

तोच हिशेब गेटच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाचा. मला तो वायू उघड्यावर सोडायचा नव्हता, आवाज सहन होत नाही. म्हणून पाइप परत डाउनपाइपला जोडला. ४०० मिलिमीटर लांबीचं ३०४ स्टेनलेस ७०० अंशांनी तापलं तर जवळजवळ पाच मिलिमीटर लांबतं. दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असतील तर हे पाच मिलिमीटर कुठे जाणार? वेल्ड चिरूनच. मध्ये बेलोज, म्हणजे घड्यांचा लवचिक तुकडा, घातला तेव्हा तो प्रश्न मिटला.

पुन्हा जोडताना घाई केली नाही. नवे स्टड, स्टेनलेसवर स्टेनलेस नट नाहीत, कारण त्यांचे आटे तापून एकमेकांना धरून बसतात. आट्यांना निकेलची पेस्ट. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. पॅकिंग दोन्ही नवी. थरांचं पॅकिंग एकदा दाबलं की त्याचे उठाव मेले, पुन्हा वापरलं तर ते नुसता पत्रा असतं.

होज जोडताना एक धोका आहे. बाजूच्या पोर्टला कॉम्प्रेसरच्या घरातून आलेली बूस्टची होज, वरचा पोर्ट उघडा. हे उलटं झालं तर बूस्ट झडपेला उघडण्याऐवजी खाली दाबून धरतो आणि काटा चढतच जातो. मी लाइन जोडल्यावर कॉम्प्रेसरच्या टोकाकडून पुन्हा हातपंप लावला आणि ०.५ च्या जवळ झडपेचा ‘टक्’ असा आवाज कानाने ऐकला, मगच चावी फिरवली. पहिला अर्धा मीटर साध्या सिलिकॉनऐवजी स्टीलच्या जाळीची होज घातली, तिथे मॅनिफोल्डची धग पोचते.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि बॉनेटवर वाकून उभा राहिलो. इंजेक्टरचा आवाज, टॅपेटचा आवाज, एवढंच. जोडांवर साबणाचं पाणी आधीच मारून झालं होतं, एक्झॉस्टमधून हवा भरून, एकही बुडबुडा आला नव्हता. तरी कान तिकडेच होते. गाडी बाहेर काढली, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांपासून पाय खाली, नजर रस्त्यावर, लॉगर चालू. परत आल्यावर आलेख उघडला. ३,२०० ला बूस्ट ०.५४ ला पोचला आणि ६,५०० पर्यंत ०.५४ ते ०.५७ च्या मध्ये आडवी रेघ. ती रेघ मी बराच वेळ पाहत बसलो.

तीनदा पूर्ण तापवून पूर्ण गार केल्यावर टॉर्क पाना पुन्हा लावला. मधले नट जागचे हलले नाहीत, टोकाचे दोन जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरले. बॅटरीच्या उजेडात चौथ्या सिलिंडरच्या कोपऱ्यात पाहिलं, पांढरं फडकं फिरवलं. फडकं स्वच्छ आलं. बूस्ट वाढवायचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, अजून खोक्यात आहे. आधी नुसत्या स्प्रिंगवर हजार किलोमीटर चालवणार, मग फ्लँजला पुन्हा पट्टी लावून पाहणार, आणि मगच ते खोकं उघडणार.